प्रीॲम्प बांधला, आता लावतोय... कानांनी

डागकरी | सोमवार, रात्री ११:४०

मंडळी, इतके दिवस इथे नुसता वाचत होतो. आज लिहायला बसलो, कारण या विषयावर घरात माझं ऐकून घेणारं कोणी उरलेलं नाही.

प्रीॲम्प (पॉवर ॲम्पच्या आधी बसणारा, व्हॉल्यूम सांभाळणारा डबा) बांधलाय. रचना अगदी साधी. आत येणारा सिग्नल ०.१ मायक्रोफॅरडच्या कॅपॅसिटरमधून व्हॉल्यूमच्या पॉटवर (नॉबमागचा बदलता रेझिस्टर), तिथून थेट ऑपॲम्पमध्ये (सिग्नल मोठा करणारी चिप), आणि बाहेर. डाव्या-उजव्यासाठी वेगळ्या पाट्या. प्रत्येक पाटीवर एक दुहेरी ऑपॲम्प, त्याचा पहिला अर्धा गेनला आणि दुसरा बफर म्हणून. फीडबॅकला १० के (किलोओहम), खाली १.१ के, म्हणजे साधारण दहापट गेन, सिग्नल तेवढा मोठा होतो. १५-०-१५ चा टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर, पुढे ७८१५ आणि ७९१५ हे व्होल्टेज स्थिर ठेवणारे रेग्युलेटर.

पहिल्या दिवशीच वाजला. तिथेच थांबायला हवं होतं. पण मग बदल सुरू झाले, आणि प्रत्येक बदल कानांनी ठरवला. आतापर्यंतचा हिशोब असा:

आधी फीडबॅकचे जुने कार्बनचे रेझिस्टर काढून मेटल फिल्मचे घातले. पडदा सरकल्यासारखं झालं, बारकावे दिसायला लागले.

मग १०० के चा पॉट काढून १० के चा घातला, कारण कमी ओहमच्या पॉटने हिस्स कमी होतो असं वाचलं होतं. हिस्स कमी झालाच, वर बास आवरला आणि गाणाऱ्याचा गळा पुढे आला.

मग ऑपॲम्प. टीएल०७२ पासून सुरुवात, नंतर एनई५५३२, आणि आता एलएम४५६२. हा शेवटचा बसवल्यावर वरच्या पट्टीत मोकळी हवा आल्यासारखं वाटलं. पण गंमत अशी की तासाभराने कान शिणतात. व्हॉल्यूम तेवढाच असतो, तरी आतल्या खोलीतून "आवाज बारीक कर" असं ऐकू येतं. आधी कधी यायचं नाही.

दोन किरकोळ तक्रारी: ५५३२ घातल्यापासून पॉट फिरवताना खरखर होते, आणि रात्री सगळं शांत झालं की मागे बारीकशी घूं ऐकू येते.

आता पुढे काय बदलू? कॅपॅसिटर भारीतले घालावेत असं मनात आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

वाचनखूण | सोमवार, रात्री ११:५२

रुमाल टाकून ठेवतो.

मोजपट्टी | मंगळवार, सकाळी ७:१५

कॅपॅसिटर बदला, पण भारीतला नको, मोठा हवा.

०.१ मायक्रो आणि १०० के ची जोडी १६ हर्ट्झपासून खाली कापते. ठीक होतं. तुम्ही पॉट १० के चा केलात आणि कॅपॅसिटर तोच ठेवलात, त्यामुळे कापायची जागा १५९ हर्ट्झवर गेली. ८० हर्ट्झला ७ डेसिबल गायब, ४० हर्ट्झला १२. गळा पुढे आलेला नाही, डग्गा मागे गेलाय.

२.२ मायक्रोचा साधा पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलिन फिल्म घाला, ७ हर्ट्झवर येईल.

दुसरं, काढलेले कार्बन रेझिस्टर टाकून दिले नसाल तर मीटरवर मोजा आणि आकडे इथे लिहा. मला एक शंका आहे.

डागकरी | मंगळवार, सकाळी ९:०५

मोजपट्टी, तुमचा प्रतिसाद वाचून चहा तसाच राहिला. मी चार जणांना बोलावून "बास कसा आवरला बघा" म्हणून ऐकवलंय हो!

रेझिस्टर डबीत होते. डाव्या पाटीवरचे: १० के लिहिलेला ९.६ के निघाला, १.१ के वाला १.१५ के. उजवीकडचेही जवळपास तसेच.

मोजपट्टी | मंगळवार, सकाळी ९:३०

वाटलंच. जुना गेन ९.३५, नवा १०.०९. फरक ०.६६ डेसिबल. तुमचा पडदा सरकला तो एवढाच.

हे तुमच्या कानांना नावं ठेवण्यासाठी सांगत नाही, उलट फरक त्यांनी बरोबर पकडला. अर्थ चुकीचा लावला. अर्ध्या-पाऊण डेसिबलची वाढ आपल्याला 'मोठा आवाज' अशी जाणवतच नाही, 'चांगला आवाज' अशी जाणवते. त्यातून कानाची संवेदनशीलता सगळ्या पट्टीत सारखी नसते. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच याचे आलेख काढून ठेवलेत: आवाज लहान असताना खालचे सूर आपल्याला प्रमाणापेक्षा जास्त दबलेले ऐकू येतात. म्हणून पातळी जरा वर नेली की सगळंच भरल्यासारखं वाटतं, आणि श्रेय त्या दिवशी जो भाग बदलला असेल त्याला मिळतं.

तुलना करायची तर दोन्ही बाजू ०.१ डेसिबलच्या आत जुळल्या पाहिजेत. म्हणजे एकीकडे १.००० व्होल्ट असेल तर दुसरीकडे १.०१२ च्या वर नको. साधा मल्टिमीटर पुरतो, फक्त चाचणीचा सूर १ किलोहर्ट्झचा घेऊ नका. स्वस्तातले बरेच मीटर एसी व्होल्टेज चारएकशे हर्ट्झपर्यंतच धड दाखवतात. २०० हर्ट्झचा सूर घ्या.

जुना डायोड | मंगळवार, दुपारी १:२०

मोजपट्टींनी दोन गाठी सोडवल्या, तिसरी मी घेतो.

डागकरी, तो ४५६२ चालू असताना पाठीवर बोट ठेवून पाहा. (ऑपॲम्पच्या पाठीवर. मेन्सच्या बाजूला बोट, कोपर, काहीही नको.) कोमट लागला तर ठीक, तो निवांत असतानाही ८-१० मिलीॲम्पियर ओढतो. चटका बसला तर तो गात बसलाय, म्हणजे सिग्नल नसतानाही स्वतःच कंप पावतोय, मेगाहर्ट्झच्या पट्टीत, जिथलं तुम्हाला-आम्हाला ऐकू येत नाही.

टीएल०७२ हा ३ मेगाहर्ट्झचा गडी. ५५३२ दहाचा. ४५६२ पंचावन्नचा. जितका चपळ, तितका तो आजूबाजूच्या तारांच्या लांबीबद्दल चिकित्सक. ०७२ ने जी पाटी मुकाट्याने खपवून घेतली तिच्यावर हा थयथयाट करतो. तुमचा १०० नॅनोचा डिकपलिंग कॅपॅसिटर (चिपच्या पुरवठ्याच्या तारांवर बसणारा) कुठे आहे? रेग्युलेटरच्या पाटीवर असेल आणि तिथून वीतभर तारा येत असतील तर तो नसल्यात जमा. ४ आणि ८ नंबरच्या पायांमध्ये, सॉकेटच्या अगदी पोटाखाली बसवा. आणि बाहेर जाणाऱ्या टोकाला १०० ओहमचा रेझिस्टर आहे का? शिल्डेड केबल मीटरमागे शंभरएक पिकोफॅरड भरते. ते ओझं थेट ऑपॲम्पच्या तोंडाला बांधलं की तो डळमळतो.

ऑसिलोस्कोप नसणार हे धरून एक जुनी युक्ती: पाटीला जाणाऱ्या अधिक आणि उणे दोन्ही तारांमध्ये १० ओहमचा एकेक रेझिस्टर घाला आणि त्यावरचं डीसी व्होल्टेज मोजा. ५५३२ ला ८० मिलीव्होल्टच्या आसपास, ४५६२ ला शंभरच्या आसपास दिसलं पाहिजे. त्याहून बरंच जास्त दिसलं तर चोर सापडला.

कान शिणण्याचं कारण मला इथे दिसतंय. ती मोकळी हवा नव्हे.

नवशिक्या | मंगळवार, दुपारी ३:०२

काका, एक बाळबोध प्रश्न. ऑपॲम्पच कशाला? सुरुवात व्हॉल्व्हनेच केली तर? १२एएक्स७ ची खूप साधी सर्किटं दिसतात, भागही कमी.

जुना डायोड | मंगळवार, दुपारी ३:४०

भाग कमी असतात हे खरं. पण आत अडीचशे व्होल्ट असतात, आणि बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये ते बसून राहतात. मी माझ्या उमेदीत एकदा खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पडलोय. तेव्हापासून ब्लीडर रेझिस्टर (बंद केल्यावर कॅपॅसिटर रिकामा करणारा) आधी, बाकी सगळं नंतर, आणि एक हात खिशात.

आधी एक ऑपॲम्पचा बांधा. व्हॉल्व्ह कुठे पळून जात नाही.

मंद्रसप्तक | मंगळवार, रात्री १०:१०

मला इलेक्ट्रॉनिक्समधलं ओ की ठो कळत नाही, मी गाते. पण 'कानांनी लावतोय' असं शीर्षक दिसलं म्हणून आत आले, आणि इथे कान सोडून सगळ्यावर चर्चा चाललीय. :)

डागकरी, तुम्ही ऐकता कसं? तुमच्या पोस्टमध्ये हवा, पडदा, बारकावे असे शब्द आहेत. हे निकाल झाले. ऐकलंत काय ते कुठे आहे?

आमच्याकडे तंबोरा लावताना कोणी 'छान वाटतोय का' असं विचारत नाही. एका वेळी एकच तार ऐकायची. तीच सवय इथे चालेल. नुसत्या तंबोऱ्याचं एखादं चांगलं ध्वनिमुद्रण घ्या. तार घोडीच्या रुंद पृष्ठावर घासत कंप पावते, म्हणून एका सुरातून वरचे कितीतरी स्वर निघतात, ती जवारी. छेडल्याबरोबर ते सगळे एकदम येत नाहीत. आधी तारेचा स्पर्श, मग सूर फुलतो, मग वरचे स्वर एकेक करत उतरत जातात. तुमच्या डब्यातून ते उतरणं सावकाश ऐकू येतं का, की वर एक सारखी चकाकी पसरलेली आहे? चकाकी असेल तर ती तंबोऱ्याची नाही.

दुसरं, खर्जाची तार. ती छातीत जाणवते की नुसती कळते?

तिसरं म्हणजे अगदी बारीक आवाजात ऐका. मोठ्या आवाजात सगळेच गवई चांगले. रात्री, शेजारच्या माणसाशी कुजबुजता येईल इतक्या आवाजात एकट्या गळ्याचं गाणं लावा आणि डोळे मिटून बोट दाखवा, गाणारा कुठे बसलाय. मध्ये आहे का?

शक्य असेल तर स्वतःच्या घरातल्या माणसाचा आवाज मुद्रित करून तो वाजवा. ज्याचा आवाज रोज ऐकता त्याच्या बाबतीत कानाला फसवणं अवघड असतं.

डागकरी | शुक्रवार, रात्री १२:१५

उशीर झाला, पण रिकाम्या हाताने आलो नाही.

डायोडकाका, १० ओहमवर डाव्या पाटीला २४० मिलीव्होल्ट, उजव्या पाटीला १९०. बोट ठेवलं आणि हात झटकला! १०० नॅनो खरंच वीतभर लांब होता. पायांखाली बसवला, बाहेर १०० ओहम घातले. आता दोन्हीकडे १०४-१०५. तंबोरा लावला. मंद्रताईंनी म्हटलेली ती चकाकी माझ्याकडे होती, आणि मी तिलाच हवा समजत होतो. आता नाही. स्वर उतरताना ऐकू येतात, अगदी शेवटपर्यंत, आणि पुढची छेड त्यांच्यावर येऊन पडते.

२.२ मायक्रोही बसवला. इथे मात्र एक कबुली. पहिले दोन दिवस आवाज चक्क बेढब वाटला. जड, फुगलेला. तीन आठवडे बिनबासाचं ऐकून कान त्यालाच खरं मानायला लागले होते. मुद्दाम काही बदललं नाही, नुसतं ऐकत राहिलो. काल खर्जाची तार ऐकली आणि पटलं.

आणि मंद्रताई, गाणारा मध्ये नाहीये! मोठ्या आवाजात मध्ये असतो, बारीक केलं की डावीकडे सरकतो. अगदी बारीक केलं की डाव्या स्पीकरच्या मांडीवर. तीन महिने हे माझ्या लक्षात आलं नाही, कारण मी प्रत्येक बदल आवाज मोठा करूनच ऐकत होतो.

रेशीमकान | शुक्रवार, सकाळी ८:३०

डागकरी, तुम्ही जे दोन दिवस म्हणताय तो कॅपॅसिटरचा बर्न-इन आहे. फिल्म कॅपॅसिटर दोनशे तास चालल्याशिवाय मोकळा होत नाही. अजून ऐकत राहा, उघडत जाईल.

मोजपट्टी | शुक्रवार, सकाळी ८:४१

तो कॅपॅसिटर दोन दिवस पिशवीत ठेवून माणसाला वाजवलं असतं तरी हाच निकाल लागला असता. मोकळे झाले ते कान. त्यांनी स्वतःच लिहिलंय.

रेशीमकान | शुक्रवार, सकाळी ९:१०

ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी मीटर बघावा.

मंद्रसप्तक | शुक्रवार, सकाळी १०:२५

अहो, भांडताय कशाला? त्यांच्याकडे दोन सारख्या पाट्या आहेत. एक दोनशे तास चालू ठेवा, दुसरी कपाटात. मग दोन्ही ऐका.

वाचनखूण | शुक्रवार, सकाळी १०:३०

मंद्रताईंना +१. रुमाल चांगल्या जागी टाकला होता.

मोजपट्टी | शुक्रवार, दुपारी २:००

मंद्रसप्तक यांनी जे पकडलं ते माझ्या यादीत नव्हतं, हे आधी मान्य करतो. मी असतो तर दोन्ही चॅनल पूर्ण व्हॉल्यूमला मोजले असते, आकडे जुळले असते आणि मी 'उत्तम' म्हणून मोकळा झालो असतो.

कारण तुमचा दुहेरी लॉग पॉट. त्यातले दोन ट्रॅक वरच्या भागात एकमेकांशी बरे जुळतात, तळाला दोन-तीन डेसिबल सहज फाकतात. आणि तुम्ही नेमके तळाला राहता, बरोबर ना? घड्याळाच्या भाषेत तुमचा नॉब कायम आठ वाजता असणार.

म्हणजे खरा दोष पॉटचा नाही, गेनचा आहे. सीडी प्लेअर पूर्ण पातळीला २ व्होल्ट देतो. पॉवर ॲम्पला पूर्ण ताकदीसाठी साधारण १ व्होल्ट लागतो. जिथे मुळात जास्तीचं आहे तिथे तुम्ही त्याला दहाने गुणताय आणि तेच पॉटवर मारून टाकताय. आधी गळा दाबायचा, मग कर्णा लावायचा, असा प्रकार. वीस डेसिबलऐवजी सहा करा. गेन दोन. फीडबॅकला २.२ के आणि खालीही २.२ के. नॉब अकरा-बारापर्यंत येईल, गाणारा मध्ये बसेल, आणि पॉटच्या मागचा सगळा हिस्स जवळपास १४ डेसिबलने खाली जाईल. हा बदल तुमच्या भारीतल्या कॅपॅसिटरपेक्षा कितीतरी जास्त ऐकू येईल.

एक सूचना: या निमित्ताने ५५३४ लावून बघायचा मोह झाला तर थांबा. ५५३२ एकपट गेनलाही स्थिर असतो, ५५३४ मात्र तीनपटीच्या खाली २२ पिकोच्या वेगळ्या कॅपॅसिटरशिवाय बिघडतो. शिवाय तो एकेरी आहे, त्याच्या पायांची रचनाही वेगळी.

नवशिक्या | शुक्रवार, दुपारी ४:४५

आणि ती पॉटची खरखर राहिलीच की. पॉट तर नवा होता.

जुना डायोड | शुक्रवार, संध्याकाळी ६:३०

पॉटचा दोष नाही. ०७२ च्या तोंडाशी जेफेट (वेगळ्या जातीचा ट्रान्झिस्टर) असतो, तो जवळपास काहीच करंट ओढत नाही. ५५३२ च्या तोंडाशी साधे ट्रान्झिस्टर, ते प्रत्येक इनपुटला २०० नॅनोॲम्पियर खातात. सर्किटमध्ये पॉट थेट ऑपॲम्पला जोडलाय, म्हणजे तो करंट पॉटच्या सरकत्या काट्यातून वाहतो. काटा ट्रॅकवर जिथे क्षणभर उचलला जातो तिथे डीसी उडी मारतं, तीच खरखर. ०७२ असताना ती का नव्हती याचं उत्तरही त्यातच आलं.

काट्यापुढे २.२ मायक्रोचा फिल्म कॅपॅसिटर आणि ऑपॲम्पच्या पायापासून जमिनीला २२ के. मग तो करंट २२ के मधून येईल, पॉटमधून नाही. २२ के वर चारएक मिलीव्होल्ट डीसी पडेल, गेन दोन असल्याने बाहेर नऊएक. पुढच्या पॉवर ॲम्पच्या तोंडाशी कॅपॅसिटर नसेल तर प्रीॲम्पच्या बाहेरच्या टोकाला एक घाला.

आता घूं. आधी सांगा, कसली आहे? 'घूंऽऽ' अशी गोल, की 'झर्रर्र' अशी धारदार?

डागकरी | शुक्रवार, रात्री ११:००

गोल. आणि व्हॉल्यूम शून्य केला तरी तेवढीच.

जुना डायोड | शनिवार, सकाळी ६:५०

मग ५० हर्ट्झची आहे. रेक्टिफायरची असती तर १०० ची आणि तिच्या पटींची, ती झर्र अशी येते आणि बहुतेक वेळा जमिनीची तार चुकीच्या जागी जोडल्याने येते. गोल घूं ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून थेट तारांत शिरते, नाहीतर दोन उपकरणांच्या अर्थिंगच्या वेटोळ्यातून. सगळ्या केबल काढून फक्त पॉवर ॲम्पची ठेवा. गेली तर वेटोळं. राहिली तर ट्रान्सफॉर्मर.

राहिली तर मधला बोल्ट सैल करा आणि टोरॉइड जागच्या जागी हळूहळू फिरवा. बोल्टच्या नटाला हात लावण्याआधी प्लग भिंतीतून काढा, दर वेळी. थोडं फिरवा, चालू करा, ऐका, बंद करा, प्लग काढा, परत फिरवा. टोरॉइडचं गळणारं क्षेत्र सगळीकडे सारखं नसतं, तारा जिथून बाहेर येतात तिथे जास्त असतं. एका कोपऱ्यात घूं एकदम बसेल.

आणि कोणी काहीही सांगो, घूं जावी म्हणून मेन्सचं अर्थिंग काढायचं नाही. डबा धातूचा आहे.

नवशिक्या | शनिवार, सकाळी ११:१५

माझ्या जुन्या ॲम्पजवळ मोबाइल ठेवला की फोन यायच्या आधी टर्रर्र-टर्रर्र यायचं. ते कशातलं?

मोजपट्टी | शनिवार, सकाळी ११:४०

जीएसएम फोन सेकंदाला २१७ वेळा तुकड्या-तुकड्याने प्रसारण करतो. ऑपॲम्पचं तोंड त्या रेडिओ लहरींचा डिटेक्टर बनतं आणि २१७ हर्ट्झची टरटर ऐकू येते. इनपुटला १ के आणि १०० पिको. पिको सी०जी जातीचा सिरॅमिक घ्या. एक्स७आर नको, त्याची कपॅसिटी व्होल्टेजबरोबर बदलते आणि टिचकी मारली तर तो मायक्रोफोनसारखा वाजतो.

डागकरी | पुढचा रविवार, रात्री ९:२०

मोठा प्रतिसाद आहे, सोसून घ्या.

गेन दोन केला. गाणारा मध्ये बसला, कुजबुजीच्या आवाजातही. हिस्स ऐकायला आता ट्वीटरला कान चिकटवावा लागतो. खरखर गेली. टोरॉइड फिरवायला अख्खी संध्याकाळ गेली, बावीस वेळा प्लग काढला-लावला. साधारण चौथाई फेरा झाल्यावर घूं अचानक अशी बसली की मला आधी वाटलं फ्यूज गेला.

आता मोजपट्टी, तुमच्यासाठी. दोन्ही पाट्यांना एकच मोनो सिग्नल दिला. डाव्या पाटीवर ५५३२, उजव्या पाटीवर ४५६२, दोन्ही आता नीट वागणारे. पुढे एक स्विच आणि एकच स्पीकर. पॉट पूर्ण उघडा ठेवून पातळी मोजली: १.००४ आणि १.००१ व्होल्ट. मुलगी माझ्या पाठीमागे बसली, नाणं उडवायची, त्याप्रमाणे स्विच टाकायची आणि वहीत लिहायची. मी सांगायचं कोणता. सोळा फेऱ्या. पहिल्या चार-पाच फेऱ्यांत मी इतका ठाम होतो की तिला म्हणालो, लिहून ठेव, हे सगळे बरोबर आहेत.

सोळापैकी नऊ.

मोजपट्टी | रविवार, रात्री ९:३५

नुसत्या अंदाजाने सोळापैकी बारा किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहून थोडी कमी. म्हणून बाराला 'ऐकू येतंय' म्हणायचं. नऊ म्हणजे नाणंच. ५५३२ ठेवा, तो कमी नखरेल आहे.

मंद्रसप्तक | रविवार, रात्री १०:०५

नऊचा निकाल मान्य. पण सोळा फेऱ्या अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या असणार. तुमची पहिली तक्रार तासाभराने कान शिणतात अशी होती, ती अर्ध्या मिनिटात सापडली असती का? ५५३२ घालून आठवडाभर ऐका आणि मग ४५६२ घालून आठवडाभर. कोणता कधी घातला ते मुलीलाच ठरवू दे, तुम्ही डब्यात डोकावू नका.

मोजपट्टी | रविवार, रात्री १०:२०

यावर माझी हरकत नाही. फक्त दोन आठवडे पुरणार नाहीत, आठ-दहा अदलाबदली तरी लागतील.

डागकरी | रविवार, रात्री १०:३१

म्हणजे अडीच महिने. मुलीला विचारून सांगतो. सध्या ५५३२ आत आहे. रेशीमकान, उजवी पाटी कपाटात आणि डावी चालू ठेवायचा प्रयोगही बाकी आहे, तेव्हा तुम्ही शेजारी बसा, नाणं तुम्ही उडवा.

रेशीमकान | सोमवार, सकाळी ७:५०

येतो. पण रेकॉर्ड मी निवडणार.

डागकरी | मंगळवार, रात्री ११:५५

धागा परत वर आणतोय. झाकण लावलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा. चालू केला, ट्रान्सफॉर्मर गुरगुरला, दोन सेकंदांत फ्यूज उडाला. झाकण काढून नवा फ्यूज घातला तर सगळं व्यवस्थित. झाकण लावलं, परत उडाला. पाट्यांना झाकण कुठेही लागत नाहीये, बोटभर जागा आहे.

जुना डायोड | बुधवार, सकाळी ६:४०

तिसरा फ्यूज घालू नका. टोरॉइडच्या मधला बोल्ट किती उंच आहे? फिरवताना सैल-घट्ट करून तो वर आला असणार. खालचं टोक तळाला घट्ट, वरचं टोक झाकणाला टेकतंय. तळ, बाजू, झाकण आणि मधून बोल्ट, असा धातूचा पूर्ण वेढा टोरॉइडभोवती पडला. ट्रान्सफॉर्मरच्या दृष्टीने ती एका वेढ्याची सेकंडरी झाली, आणि तीही शॉर्ट केलेली.

नवशिक्या | बुधवार, सकाळी ९:००

!!! हे कधीच सुचलं नसतं.

डागकरी | गुरुवार, रात्री २:१०

काका, चार मिलिमीटर जास्त होता. करवतीने कापला, टोकावर नायलॉनची टोपी बसवली. झाकण लागलंय, चालू आहे.

तंबोरा लावून बसलो होतो. मुलगी पाणी प्यायला उठली, मला वाटलं आता ओरडणार. दारात उभी राहून म्हणाली, "हा तोच डबा आहे का?" हो म्हटलं. "बरं," म्हणाली आणि झोपायला गेली.